लाल मडगार्ड गुलाबी पडलंय: घासू, तापवू, रंगवू की राहू दे?

खडकाळ_वाट (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. गरजवंताला अक्कल नसते, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

महिन्याभरापूर्वी एक जुनं वेड घरात आणलं: १९८४ ची होंडा एटीसी २००एक्स, ती तीन फुगीर चाकांची. इंजिन ठीक आहे. दुखणं आहे ते वरच्या प्लास्टिकचं. मडगार्डं एके काळी लालभडक होती, आता धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी गुलाबी झालीत. हात फिरवला की बोटांना खडूसारखी भुकटी लागते. गंमत म्हणजे मागच्या मडगार्डचा जो भाग सीटखाली झाकलेला होता, तो अजून कुंकवासारखा लाल आहे. सीट काढली आणि तिथेच बसून राहिलो. म्हणजे आपली गाडी मुळात अशी होती तर!

एक व्हिडिओ म्हणतो हीट गन (गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) फिरवा. दुसरा म्हणतो पॉलिश पेपरने घासा. शेजारी म्हणतात, सरळ स्प्रे मार आणि मोकळा हो. भाग मूळचे आहेत, म्हणून हात लावायला धीर होत नाही. तुम्ही काय केलंत?

उनाड_टायर (सोमवार, रात्री १०:२०)

रुमाल टाकून ठेवतो. हेच दुखणं, फक्त माझा रंग हिरवा.

फटफटी_पंत (सोमवार, रात्री १०:४१)

हीट गन. विषय संपला.

प्लास्टिकमधलं तेल उन्हाने आत दडून बसतं, उष्णता दिली की वर येतं. माझ्या डर्ट बाइकचं पांढुरकं पडलेलं काळं मडगार्ड पाच मिनिटांत काळं कुळकुळीत झालं होतं. घासत बसायला वेळ कोणाला आहे?

रसायनवाला (सोमवार, रात्री ११:३०)

पंत, मडगार्ड काळं झालं हे खरं, पण तेलाची गोष्ट खोटी. या प्लास्टिकमध्ये दडून बसायला तेल नसतंच.

जुन्या ऑफरोड गाड्यांची लवचीक मडगार्डं बहुतेक पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची. रंग आरपार मिसळलेला असतो, वरून मारलेला नसतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वरच्या थरातल्या लांब साखळ्या तोडतात. थर ठिसूळ होतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो भेगा पडतात. त्या भेगांत हवा शिरते, उजेड आत जायच्या ऐवजी तिथेच विखुरतो आणि आपल्याला पांढुरकं दिसतं. शाळेतली दगडी पाटी आठवा. ओल्या बोळ्याने पुसली की काळीभोर, वाळली की राखाडी. पाटीचा रंग बदललेला नसतो, फक्त वरच्या खडबडीत पृष्ठभागात पाण्याच्या जागी हवा आलेली असते.

हीट गनने तो थर वितळून भेगा मिटतात, म्हणून रंग परत आल्यासारखा दिसतो. पण साखळ्या तुटल्या त्या तुटल्याच. शिवाय प्लास्टिकमध्ये मूळचं जे थोडं संरक्षक रसायन उरलेलं असतं, तेही प्रत्येक तापवणीत थोडं खर्ची पडतं. म्हणून असं नुसतं तापवलेलं मडगार्ड काही महिन्यांत पुन्हा पांढरं पडतं आणि दर वेळी लवकर पडतं. पंत, ते काळं मडगार्ड आज कसं दिसतंय?

काळ्याचं आणखी एक. काळा रंग म्हणजे काजळी, आणि काजळी स्वतःच अतिनील किरण शोषून घेते. म्हणून काळं प्लास्टिक तग धरतं. लालाचं नशीब तेवढं चांगलं नसतं.

खडकाळ_वाट, काहीही करण्याआधी एक करा: मडगार्डवर पाणी ओता. ओलं असताना लाल दिसलं तर दोष फक्त वरच्या भेगांचा. ओलं होऊनही गुलाबीच राहिलं, तर वरच्या थरातला रंगकणच मेलाय. तो थर काढल्याशिवाय सुटका नाही.

फटफटी_पंत (सोमवार, रात्री ११:४४)

आज कसं दिसतंय ते सांगणार नाही. 😄

जुना_पाना (मंगळवार, सकाळी ७:०५)

रसायनवाल्यांना अनुमोदन. ओलं करून बघण्याची युक्ती मीही वापरतो, पण कारण आज कळलं.

आता घासायचं कसं ते लिहितो. आतापर्यंत सात-आठ सेट केलेत, त्यातले पहिले दोन वाया घालवून शिकलो.

आधी मडगार्ड गाडीवरून उतरवा. गाडीवर ठेवून घासणाऱ्याला कडा आणि बोल्टाभोवतीची जागा कधीच नीट करता येत नाही, आणि सगळी लाल रबडी इंजिनवर गळते ती वेगळीच. भांडी घासायच्या साबणाने धुवा, दोनदा. स्टिकर काढायचे असतील तर आत्ताच.

मेलेला थर जाड असेल तर मी वॉटर पेपरने सुरुवातच करत नाही. कटरचं नवं पातं दोन्ही हातांत उभं धरतो, किंचित पुढे कलवतो आणि आपल्याकडे ओढतो. सुतार रंधा मारल्यावर फळी खरवडतो ना, तसं. गुलाबी रंगाचे केसासारखे बारीक पापुद्रे निघतात. पातं आडवं पडू द्यायचं नाही, नाहीतर टवका उडतो. दहा-बारा ओढींत खालचा लाल डोकवायला लागतो.

मग २२० नंबरचा वॉटर पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), भरपूर पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब. कोरडं घासू नका. घर्षणाने प्लास्टिक तापतं, गुठळ्या होऊन कागदात बसतं आणि त्याच गुठळ्या मग ओरखडे काढतात. सपाट भागाला लाकडी ठोकळा, वळणाला जाड रबरी पाइपचा तुकडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बादलीतल्या पाण्यावर लक्ष ठेवा. आधी दुधाळ गुलाबी पाणी गळतं, मग हळूहळू गडद होतं आणि एका क्षणी लाल. लाल गळायला लागलं की जिवंत प्लास्टिक आलं. तिथून पुढे २२० ने एक हातही जास्त मारायचा नाही.

मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. मधला एखादा नंबर गाळायचा मोह होतो. गाळू नका. २२० चे ओरखडे १००० ने जात नाहीत, नुसते चकाकतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, आधी उभं, मग आडवं. आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसत राहतात, ते पूर्ण गेले की पुढचा नंबर.

आता पंतांसाठी आनंदाची बातमी. पॉलिएथिलीन मऊ असतं. २००० पर्यंत गेलं तरी त्यावर बारीक लव उभी राहते, आरसा होत नाही. तिथे हीट गन कामाला येते. फार जवळ न्यायची नाही, सतत हलती ठेवायची, लव बसून चकाकी आली की त्याच क्षणी पुढे सरकायचं. मेलेल्या थरावर हीट गन म्हणजे मलमपट्टी. थर काढून मग मारली तर शेवटचा हात.

फटफटी_पंत (मंगळवार, सकाळी ७:३०)

बघा, म्हटलं नव्हतं, हीट गन!

निशिगंधा_क (मंगळवार, सकाळी ९:१५)

पंत, तुमच्या भरवशावर माझं एक मडगार्ड गेलंय. (तुमच्या म्हणजे तुमच्यासारख्या कुणाच्या तरी.)

मी तापवताना ते दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं. चकाकी येतेय, येतेय म्हणत एकाच जागी रेंगाळले, आणि मधला भाग हळूच झोपाळ्यासारखा खाली आला. पॉलिएथिलीन साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, आणि हीट गनचा झोत त्याच्या दुप्पट-तिप्पट तापलेला असतो, हे नंतर वाचलं. तापवायचं तर भाग त्याच्या मूळ जागी बोल्टने कसून ठेवा, किंवा खाली आकाराचा आधार द्या. गाडीवर कसलेला असेल तर पेट्रोलची टाकी आधी उतरवा. हे सांगावं लागू नये, पण सांगते.

आणि शेजारी जे म्हणतात ना स्प्रे मार, त्याचाही अनुभव आहे. बिघडलेलं मडगार्ड कसंबसं सरळ करून एका रंगाऱ्याकडे दिलं. "प्लास्टिकचं काम रोजच करतो" म्हणाला. सुंदर दिसत होतं, अगदी नवं. पहिल्याच फेरीत एक फांदी घासली आणि रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा सापाच्या कातीसारखा सुटला. मग तर बसल्या बसल्या नखाने सोलायचा छंदच लागला मला.

रसायनवाला (मंगळवार, सकाळी १०:०२)

निशिगंधाताई, रंगाऱ्याचा दोष अर्धाच. बंपर रंगवणं आणि पॉलिएथिलीन रंगवणं यात फरक आहे. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला काहीही चिकटत नाही, कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही तसं. रंग, सुपरग्लू, इपॉक्सी, सगळेच घसरतात. आधी चिकटवणारा खास प्रायमर लागतो, नाहीतर गॅसच्या निळ्या ज्योतीचं टोक पृष्ठभागावरून झर्रकन फिरवावं लागतं. तसं केलं की पृष्ठभागाचा स्वभाव बदलतो. ओळखायचं कसं? ज्योत फिरवून गार झाल्यावर पाणी शिंपडा. थेंब गोल गोल राहिले तर जमलं नाही, पाण्याचा सलग पडदा पसरला तर जमलं. हा परिणाम टिकत नाही, म्हणून रंग त्याच दिवशी मारायचा.

तरीही पडणाऱ्या-वाकणाऱ्या मडगार्डवर रंग मारू नये असंच माझं मत.

उनाड_टायर (मंगळवार, सकाळी ११:२०)

पण आपलं प्लास्टिक नेमकं कुठलं हे कळणार कसं? माझ्या मडगार्डमागे काहीच लिहिलेलं नाही.

जुना_पाना (मंगळवार, दुपारी १२:४८)

जुन्या भागांवर नसतंच बहुतेक वेळा. नंतरच्या काळातल्या भागांवर आतल्या बाजूला 'पीई' (पॉलिएथिलीन), 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन), 'एबीएस' (हे कडक जातीचं प्लास्टिक) अशी खूण सापडते.

खूण नसेल तर बोल्टाच्या भोकाच्या आतल्या कडेचा नखाएवढा कपचा काढा आणि पाण्यात टाका. आधी बोटांनी चोळून ओला करा, नाहीतर हवेच्या बुडबुड्यांमुळे फसाल. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, तरंगतात. एबीएस, पॉलिकार्बोनेट, फायबरग्लास बुडतात. तरंगला तर वर लिहिलेली पद्धत वापरा. बुडला तर थांबा आणि इथे येऊन विचारा.

मेहारीवाली (मंगळवार, दुपारी २:१०)

बुडणाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून हजर आहे!

माझ्या मामेसासऱ्यांकडे सिट्रोएन मेहारी आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९६८ ते १९८७ या काळात बनलेली हलकी उघडी गाडी. लोखंडी पत्रा नाहीच, सगळं शरीर एबीएस प्लास्टिकचं, आणि रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला. ही कल्पना रोलाँ द ला प्वाप यांची, दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक आणि नंतर प्लास्टिकचे कारखानदार. रंगांना नावं वाळवंटांची आणि दूरदेशांची: बेज होगार, ऑरेंज किरगिझ, वेर मोंताना. नावात वाळवंट असलेली गाडी उन्हाला भ्यायली हा विनोद मामंजी स्वतःच करतात.

तर एबीएसचं गणित वेगळं. त्याला घासता येतं, आणि पॉलिएथिलीनपेक्षा छान चमक येते कारण ते कडक असतं, लव उठत नाही. कंपाउंडने पॉलिशही होतं. हीट गन मात्र नको, पातळ पत्रे चटकन वाकतात. रंग उत्तम धरतो. पण ॲसिटोन किंवा कडक थिनर लावलेली चिंधी फिरवाल तर पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. मामंजींनी एकदा डांबराचा डाग काढायला तेच केलं. डाग गेला, त्यांच्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. दारावर आहेत अजून, पाहुण्यांना दाखवतात.

आणि ऊन जास्त खाल्लेलं एबीएस ठिसूळ होतं. वरून कितीही चकाकवा, कोपऱ्यावर हात दाबला की कुरकुर आवाज येतो. तसा आवाज आला तर घासून आणखी पातळ करू नका, तो पत्रा बदलायच्या वयाचा झालाय.

बिट_आणि_बाइट (मंगळवार, दुपारी ३:३३)

मी गाड्यांवाला नाही, जुने संगणक जमवतो. आमच्याकडे पिवळे पडलेले एबीएसचे डबे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. पुन्हा पांढरेशुभ्र होतात. इथे चालेल का?

रसायनवाला (मंगळवार, दुपारी ४:१५)

तुमच्या डब्यांना चालतं, कारण तिथलं दुखणं पिवळेपणाचं आहे आणि प्लास्टिक एबीएस आहे. इथे पृष्ठभाग फाटलाय. फाटलेलं कापड ब्लीच करून शिवलं जात नाही. लाल रंगावर तर पेरॉक्साइड नकोच. (आणि तुम्ही लोक हातमोजे घालता ना? कडक पेरॉक्साइडने कातडी पांढरी पडून चरचरते.)

फावडे (मंगळवार, सायंकाळी ६:०५)

थोडक्यात, होंडावर पाणी ओता, संगणकावर ऊन ओता आणि पंतांवर लक्ष ठेवा.

काळी_भुवई (मंगळवार, रात्री ८:५२)

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या भुवया राखाडी झाल्यात. जुना_पाना यांची पद्धत तिथे चालेल?

जुना_पाना (मंगळवार, रात्री ९:३०)

नाही! बरं झालं विचारलंत. त्या भुवयांवर दाणेदार पोत असतो, तो साच्यातूनच येतो. घासला की दाणा जातो, गुळगुळीत डाग पडतो आणि तो दाणा पुन्हा आणता येत नाही. दाणेदार भागाला कागद लावायचा नाही, हा नियमच समजा.

तिथे दोन रस्ते. एक, हलकी हीट गन, टिकेल तितकी टिकेल. दुसरा, मऊ ब्रशने साबणपाण्याने दाण्यांतला मळ काढून, पूर्ण वाळवून, उकळलेलं ('बॉइल्ड' म्हणून विकत मिळतं ते, घरी उकळून नव्हे) जवसाचं तेल अगदी पातळ लावणं. अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. साधं जवसाचं तेल आठवडाभर वाळत नाही, उकळलेलंच घ्या. जाड लावलं तर चिकट राहतं आणि सगळी धूळ गोळा करतं. नीट लावलं तर बाजारातल्या सिलिकॉनच्या चमकदार बाटल्यांपेक्षा जास्त टिकतं, कारण ते भेगांमध्ये सुकून घट्ट होतं. रसायनवाल्यांची ओली पाटी, फक्त न वाळणारी.

सिलिकॉनबद्दल: पुढेमागे तो भाग किंवा शेजारचा पत्रा रंगवायचा असेल तर लावूच नका. नंतरच्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

निशिगंधा_क (मंगळवार, रात्री ९:४१)

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका हेही सांगा. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. ही भीती घालायला सांगत नाहीये, खरंच पेटतात.

जुना_पाना (मंगळवार, रात्री ९:४३)

हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

मूळपुरुष (बुधवार, सकाळी ८:२०)

सगळे कसे खरवडायच्या मागे लागलेत! एक वेगळं मत मांडतो.

१९७० मध्ये होंडाची पहिली तीनचाकी आली आणि अमेरिकेत १९८८ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. म्हणजे ही मडगार्डं आता होंडा पुन्हा बनवणार नाही. जे आहे तेच आहे. गुलाबी रंग हाही त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. चाळीस वर्षांचं ऊन तिने खाल्लंय, ते आपण दोन संध्याकाळींत पुसायचं? नवे भाग बनवणारे आहेत, मायरसारखे. चालवायला ते लावा, मूळचे भुकटी धुऊन जपून ठेवा.

फटफटी_पंत (बुधवार, सकाळी ८:३१)

मूळपुरुष, तीनचाकी का थांबवल्या तेही सांगा की. वळणावर उलटायच्या! मडगार्डवर ऊन कमी आणि माती जास्त असायची.

मूळपुरुष (बुधवार, सकाळी ८:५०)

पंत, माझ्या मते उलटतात त्या चालवणाऱ्यामुळे. मागे सलग धुरा आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, वळताना अंग टाकून आतलं चाक हलकं करावं लागतं. पाय खाली टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय.

मेहारीवाली (बुधवार, सकाळी ९:४०)

मूळपुरुषांशी अर्धी सहमत. पण भुकटी होणारा थर तसाच ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. त्या बारीक भेगा वाकवल्यावर खोल जातात आणि मोठ्या चिरा तिथूनच सुरू होतात. मामंजींच्या गाडीत हेच झालं. जुनेपण जपायचं तर निदान ती गाडी उन्हातून आत घ्यायला हवी. आणि आत म्हणजे खिडकीसमोर नव्हे, साध्या काचेतूनही बरेचसे अतिनील किरण येतात.

चिरेबंद (बुधवार, सकाळी ११:१५)

चिरांचा विषय निघाला म्हणून.

मागच्या मडगार्डच्या बोल्टाजवळ चीर असेल तर घासायच्या आधी ती जोडा. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग प्लास्टिक वेल्डिंग. सळई त्याच जातीची हवी. पॉलिएथिलीनला पॉलिप्रॉपिलीनची सळई चिकटल्यासारखी वाटते, गार झाल्यावर ओढली की शेवग्याच्या सालीसारखी निघून येते. रंग जुळवायचा असेल तर मी सीटखालच्या, कधीच न दिसणाऱ्या कडेची पातळ पट्टी कापून तीच सळई म्हणून वापरतो. आणि जोडाच्या दोन्ही बाजूंचा मेलेला थर आधी खरवडून काढायचा. मेलेलं प्लास्टिक वितळतं, पण जुळत नाही.

जुन्या मोटोक्रॉसवाल्यांची पद्धत माहीत आहे ना? चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून तारेने टाके घालायचे. कुरूप दिसतं, पण टाके उसवलेलं मडगार्ड मी अजून पाहिलेलं नाही.

अवांतर: वाकल्यामुळे घडीवर जो पांढरा वळ उमटतो तो उन्हाचा नाही. तो पाण्याने जात नाही, घासूनही जात नाही, कारण खोलवर असतो. तिथे मात्र हलकी उष्णता खरंच काम करते. वळ डोळ्यांदेखत विरतो.

फटफटी_पंत (बुधवार, सकाळी ११:१९)

हीट गन!!!

उनाड_टायर (बुधवार, दुपारी १:०२)

पंतांना कोणीतरी हीट गनचं चिन्ह असलेला बिल्ला द्या.

माझा आणखी एक प्रश्न. डर्ट बाइकची पांढरी प्लास्टिकची टाकी पिवळी पडलीये. तीही घासू?

रसायनवाला (बुधवार, दुपारी २:२५)

उपयोग नाही. तो पिवळेपणा बाहेरून नाही, आतून आलाय. पॉलिएथिलीनच्या भिंतीत पेट्रोल झिरपतं आणि रंग पूर्ण जाडीत मुरतो. त्याच कारणाने अशा टाकीवरचे स्टिकर फुगे येऊन सुटतात. आतून येणाऱ्या वाफेला वाट हवी, म्हणून टाकीसाठी बारीक भोकं पाडलेले स्टिकर मिळतात. टाकी रंगवायच्या भानगडीतही पडू नका, रंगालाही तसेच फुगे येतील.

आणि टाकीजवळ हीट गन नाही. पंत, ऐकताय?

फटफटी_पंत (बुधवार, दुपारी २:२७)

ऐकतोय.

खडकाळ_वाट (पुढचा शनिवार, रात्री ११:०८)

मंडळी, दहा दिवस गायब होतो. कारण सांगतो, हात दुखत होते.

आधी कपचा पाण्यात टाकला, तरंगला. मग पाणी ओतलं. रसायनवाले, तुमच्या पाण्याने मला बराच विचार करायला लावला. मागच्या मडगार्डच्या उभ्या बाजू ओल्या झाल्याबरोबर लाल झाल्या, जणू काही झालंच नव्हतं. पण वरचा सपाट भाग, जिथे ऊन थेट पडतं, तो पाण्याखालीही गुलाबीच राहिला. एकाच मडगार्डात दोन आजार.

म्हणून पहिल्यांदा पुढचं घेतलं, छोटं आहे, बिघडलं तर कमी बिघडेल. बाजूचा जुना स्टिकर गरम पाण्याने सोडवला. त्याच्याखाली अक्षरांच्या आकाराची गडद लाल छाया होती, काठ सुरीने कापल्यासारखे. त्या छायेच्या बाहेरचं सगळं गुलाबी. मूळपुरुष, त्या वेळी खरंच तुमची आठवण झाली आणि पंधरा मिनिटं पातं हातात घेऊन नुसता बसलो.

मग आधी खालच्या बाजूला, माती लागते त्या भागात, चार बोटं जागा खरवडून पाहिली. पापुद्रे निघाले आणि खालून जो लाल आला, तो सीटखालच्या लालाशी ठेवून पाहिला. तोच. तिथे निर्णय झाला.

जुना_पाना, बादलीतल्या पाण्याबद्दल तुम्ही लिहिलं नसतं तर मी कुठे थांबायचं हे मला कळलंच नसतं. दुधाळ गुलाबी पाणी पाऊण तास गळत होतं, मी हताश, आणि मग अचानक बोटांच्या मधून लाल ओघळ. ६०० मी गाळला. हो, गाळला. ८०० ला गेलो तर उजेडात ४०० चे सगळे ओरखडे मला हसत होते. परत ६००. तीन संध्याकाळी गेल्या. उजव्या हाताच्या तीन बोटांचे ठसे फोन ओळखत नाही.

शेवटी पुढचं मडगार्ड जागेवर कसलं, टाकी उतरवून लांब ठेवली आणि हीट गन फिरवली. पंत, तुमच्या नावाने फिरवली. लव बसली आणि चकाकी पुढे पुढे सरकत गेली, ते बघायला मिळालं हे एक बरं झालं. नाकाच्या टोकाला जरा जास्त रेंगाळलो, तिथे हलकी लाट आलीये. दिसणाऱ्याला दिसते.

आता पुढचं लाल, मागचं गुलाबी. गाडी अर्धी लग्नाला निघाल्यासारखी दिसते. मागच्या मडगार्डच्या फक्त उभ्या बाजू आधी करणार आहे. वरचा सपाट भाग किती खोल मेलाय त्याचा अंदाज येत नाही, आणि बोल्टाजवळ एक चीरही सापडली आहे.

चिरेबंद (पुढचा शनिवार, रात्री ११:२०)

आधी चीर. भोक पाडल्याशिवाय कागद लावायचा नाही.

मूळपुरुष (पुढचा शनिवार, रात्री ११:३४)

स्टिकरच्या छायेचा फोटो तरी काढला होतात का घासायच्या आधी?

खडकाळ_वाट (पुढचा शनिवार, रात्री ११:३६)

काढलाय. मापपट्टी शेजारी ठेवून काढलाय, त्यावरून नवा स्टिकर कापून घेता येईल.

मूळपुरुष (पुढचा शनिवार, रात्री ११:३७)

मग ठीक.

जुना_पाना (रविवार, सकाळी ६:५०)

वरच्या भागाची जाडी आधी मोजा. कडेला कॅलिपर लावता येतो. सीटखालच्या भागापेक्षा आधीच पातळ झाला असेल तर तिथे पात्याने नको, २२० ने हळूहळू. सगळा गुलाबी गेला नाही तरी चालेल. मजबुती आधी. लाटेबद्दल काळजी करू नका, माझ्या पहिल्या दोन सेटना लाटा नव्हत्या, समुद्र होता.

उनाड_टायर (रविवार, सकाळी ९:१०)

माझा कपचा बुडला. 😐

मेहारीवाली (रविवार, सकाळी ९:१२)

या, या. आमच्या बाकावर जागा आहे. आधी सांगा, कोपरा दाबला की कुरकुरतो का?